सांडपाणी अन् धाकटीची विहीर

ये पोरी, अशी जवळ बस. आणखी जवळ, मला ओरडावं लागू नये इतकी. आता तू म्हणशील, मावशी, मी नागपुरात अन् तू अमरावतीत, जवळ बसू कशी? तर वाचताना बस. पण आधी बोलणी खा. दिवाळीनंतर चार महिने झाले, तू फोनवर एकच विचारतेस, "मावशी, तुझं अन् आईचं झालं काय?" मी म्हणते, "काही नाही." तू म्हणतेस, "बरं." अन् ठेवून देतेस. अशी कशी गं तू? मोठी बाई काही नाही म्हणाली की काहीतरी असतं, एवढं तरी कळायचं. बसायचं होतं एसटीत अन् यायचं होतं. आली नाहीस, म्हणून मला हे लिहीत बसावं लागतंय, अन् उजव्या हाताचा अंगठा कसा दुखतो ते तुला सांगून उपयोग नाही.

सगळ्याचं मूळ ती गाडी. गाडीचंही नाही, गाडीच्या पोटाखालच्या टाकीचं.

आमच्या ह्यांनी सगळा जन्म दुसऱ्याच्या गाड्या चालवल्या. कापसाच्या गाठी नेल्या, संत्र्याच्या पेट्या नेल्या, शाळेची पोरं नेली. स्वतःची गाडी कधी नाही. छातीत जाळी बसवली तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चालवा हवी तर, पण वजन म्हणून उचलायचं नाही, भरली बादलीसुद्धा नाही. ह्यांनी त्यातलं पहिलं अर्धंच ऐकलं. एक जुनी शाळेची व्हॅन घेतली अन् अकोल्याच्या एका कारागिराकडून तिचं घर करून घेतलं. मागे झोपायला फळीचं बाकडं, एक शेगडी, वीतभर बेसिन, अन् जाड प्लास्टिकचा पडदा लावून अंग धुवायचा कोपरा. संडास नको म्हणून मीच हट्ट धरला, तेवढी अक्कल शाबूत होती. टपावर चांगल्या पाण्याची टाकी अन् खाली वापरलेल्या पाण्याची.

"काकू, खालची टाकी दोन दिवस आरामात निघते," कारागीर म्हणाला.

"अन् तिसऱ्या दिवशी?"

"तिसऱ्या दिवशी तोटी खोलायची. झालं."

झालं म्हणे. त्याला काय, तो काही गाडीत राहणार नव्हता.

घरात मोरी असते ना पोरी, तिची किंमत मला साठी उलटल्यावर कळली. मोरीत पाणी ओतलं की बाईचा अन् त्या पाण्याचा संबंध संपला. ते कुठं जातं, कोणाच्या दारावरून जातं, आपण कधी पाहतो? गाडीत संबंध संपत नाही. डाळ धुतली, ते पाणी माझ्या पायाखाली. ह्यांनी दाढी केली, ते माझ्या पायाखाली. मी तोंड धुतलं, तेही तिथंच. गाडी वळली की खाली डुबुक डुबुक वाजतं, अन् तिसऱ्या दिवशी असा आंबूस वास चढतो की चहासुद्धा डाळीच्या धुवणासारखा लागतो.

मग मी शिकले. ताटं आधी रद्दी कागदानं पुसायची, मग धुवायची. बेसिनच्या भोकावर चहाची गाळणी ठेवायची, कारण एकदा भाताचं शीत तोटीत अडकलं अन् मी केसातला आकडा घालून अर्धा तास गाडीखाली आडवी पडले होते. आंघोळ तीन तांब्यांत. तोटी एवढी खाली की तिच्याखाली बादली मावत नाही, म्हणून घमेलं लावायचं. एका बाजूचं चाक दगडावर चढवायचं, म्हणजे टाकी पुरती निथळते. भरलेली टाकी म्हणजे सात-आठ घमेली. ह्यांना उचलायला बंदी. म्हणजे उचलणारी कोण? हे शेजारी उभे राहून सांगत, "हळू, हळू, सांडून राहिलं." मी म्हणायची, "सांडायलेच चाललो ना आपण!"

पण उचलणं एकवेळ सोपं. ओतायचं कुठं, ते अवघड.

पहिल्यांदा राजापेठेत लेकीच्या दारासमोर गाडी लावली, सराव म्हणून. तिची गल्ली तुला माहीत आहे, वर शिकवणीचे वर्ग अन् खाली स्कूटीची रांग. सकाळी मी घमेलं घेऊन नालीकडे निघाले, तर समोरच्या बाई झाडू हातात घेऊन उभ्या.

"काकू, लेकीकडे रायले आल्या का मोरी घेऊन आल्या?"

लेक दारातून म्हणाली, "माय, अवं घरात ये न! बाथरूम आहे, बेसिन आहे, काहून इज्जत घालून राहिली?"

ह्यांनी खिडकीतून मान काढून सांगितलं, "सराव आहे सराव!" समोरच्या बाई हसल्या अन् झाडू मारताना धूळ बरोबर आमच्या दिशेनं मारली.

मग अकोल्याला दिराच्या नातवाचं लग्न. मंगल कार्यालयाच्या मैदानात गाडी उभी. तिथल्या चौकीदाराला मी विचारलं, दादा, थोडं पाणी सांडायचं आहे. तो माणूस भला होता. म्हणाला, "मावशी, प्यायले पाहिजे तर दोन कॅन भरून घ्या. सांडायचं मात्र इथी नाही, तिकडे रोडच्या पल्याड." तेव्हा मला कळलं. आपल्या वऱ्हाडात प्यायला पाणी मागितलं तर दुश्मनसुद्धा नाही म्हणत नाही. अकोल्यात नळ चार-पाच दिवसांनी येतो, तरी तांब्या पुढे करतात. पण घाण पाणी टाकायला हातभर जागा मागा, सगळे दुसऱ्याच्या दाराकडे बोट दाखवतात. अन् त्यांचं चूक तरी काय? मी कोणाला देईन का जागा? त्या दिवशी पैठणी नेसून मी चार वेळा रस्ता ओलांडला घमेलं घेऊन. वरात येत होती. बँडवाल्यांनी मला वाट दिली.

मी दमले होते पोरी. तेव्हाच म्हणायला हवं होतं, चला घरी. पण ह्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं की म्हणवलं नाही. सकाळी उठून आरसे पुसायचे, टायरला बुक्की मारून पाहायचे, अन् मला विचारायचे, "आज कुठं जायचं, मालकीणबाई?" सगळा जन्म ह्यांना दुसरं कोणीतरी सांगत आलं होतं कुठं जायचं ते.

अकोल्याहून आम्ही दर्यापूरच्या वाटेला लागलो, तुझ्या आईकडे, माझ्या धाकटीकडे, अंजनगावला जायला. मधे ह्यांचा जुना मित्र राहतो, त्याच्या वावरात तीन दिवस थांबलो. तो सगळा खारपाणपट्टा. काळी जमीन अशी की पाय रुतावा, पण खालचं पाणी मिठाचं. तिथं हरभरा ओलाव्यावर येतो, बोअरचं पाणी कोणी पिकाला देत नाही. मित्रानं आमची टपावरची टाकी बोअरनं भरून दिली, अन् मला, मलाच, ह्यांना नाही, सांगितलं, "वहिनी, हे धुण्यापुरतं हां. प्यायचं कॅनमधलं प्या. अन् झाडाले तर चुकून देऊ नका."

"मले काय सांगता भाऊ," मी म्हटलं, "माळ्याची लेक आहो मी."

आठवलं की आजही कान गरम होतात.

त्या पाण्यात साबणाला फेस येत नाही. मी धुण्याचा सोडा मुठीनं टाकला. तीन दिवसांनी निघालो तेव्हा खालची टाकी गच्च भरलेली अन् वरचीही अर्धी त्याच पाण्याची. मित्राच्या वावरात सांडायचं मला जिवावर आलं. तुझी आई म्हणजे आपलं माणूस, तिथं निवांत ओतू, असा विचार केला.

तुझ्या आईनं फाटक उघडलं तेव्हा तिचा चेहरा पाहिला असतास तू. गाडीभोवती दोन चकरा मारल्या, पडदा सारून पाहिला, म्हणाली, "बाई, तू तं बंजारीण झाली वं! आता कोंबड्या पाळ." आम्ही दोघी इतक्या हसलो की हे गाडी लावायचे थांबले. तिनंच जागा दाखवली, विहिरीच्या अंगाला, कांद्याच्या रोपाचा वाफा होता ना, त्याच्या अलीकडे. रोप बोटभर झालं होतं, दाट, हिरवंगार. पंधरा दिवसांत लावणी. पुढचा सगळा हंगाम तिचा त्या वाफ्यात उभा होता.

आता नीट ऐक. आपल्या माहेरी मोरीचं पाणी कधी वाया गेलं नाही. आमची माय, म्हणजे तुझी आजी, न्हाणीतून पाट काढून केळीला न्यायची, केळीतून अळूला. पाणी फेकणाऱ्या बाईच्या हाताला भाजी येत नाही, म्हणायची. ते माझ्या हाडात बसलेलं. तुझी आई रोज पहाटे भाजी घेऊन बाजाराला जायची. ती गेली की मी घमेलं लावायची, अन् सात-आठ घमेली हळूहळू, रोपाला धक्का लागू नये अशी, वाफ्याच्या सरीत सोडायची. त्या आठवड्यात विजेची पाळी बिघडली होती, मोटर दिवसाआड चालायची, तर मला वाटलं, चला, धाकटीच्या रोपाला तेवढंच पाणी. पहिली टाकी, मग वरच्या उरलेल्या पाण्यात धुणं-भांडी करून भरलेली दुसरी. तीन सकाळी. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्या पाण्याला कुठंतरी जागा मिळाली होती, अन् कोणाला विचारावं लागलं नव्हतं. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू.

वरचं पाणी खारं, हे मला माहीत होतं. ते मी पीत नव्हते. पण खाली गेलं की ते सांडपाणी झालं, अन् सांडपाणी झाडाला द्यायचं असतं. दोन्ही एकच पाणी आहे, हे डोक्यात आलंच नाही. तुझ्या शिकलेल्या डोक्यात आलं असतं. माझ्या नाही.

पाचव्या दिवशी रोपाचे शेंडे पिवळे. सहाव्या दिवशी एका बाजूचं रोप आडवं, जसं कोणी त्यावर झोपून उठलं. तुझ्या आईला वाटलं करपा आला. शेजारच्या वावरातले म्हातारे बाबा आहेत ना, त्यांना बोलावलं. त्यांनी दोन रोपं उपटली, मुळं पाहिली, मातीची ढेकळी फोडली, अन् म्हणाले, "रोग नाही हा पोरी. पाण्याचा दोष दिसते. इहिरीचं पाणी पाह्यलं का चाखून? खार सरकून राहिला म्हणतात इकडे."

तुझ्या आईच्या हातातलं खुरपं खाली पडलं.

तुला सांगायला नको, ती विहीर म्हणजे काय आहे. तुझे बाबा गेल्यावर त्या विहिरीवर तिनं तुला शिकवलं. विहीर खारी झाली तर जमीन राहते, पण माळीण राहत नाही. तिनं दोर सोडला, बादली वर ओढली, ओंजळीनं प्याली. पुन्हा प्याली. "मले खारट लागून राहिलं वं," म्हणाली. ह्यांना पाजलं. हे म्हणाले, "गोड तं आहे." तिचा विश्वास बसेना. "तुमची जीभ तंबाखूनं मेली भाऊजी." मग तांब्या माझ्यापुढे केला. "बाई, तू सांग. तुले समजते."

मी प्याले. गोड होतं पोरी. लहानपणी माहेरच्या विहिरीचं प्यायचो तसंच गोड.

शेजारच्या बाबांनी पाण्याचा दोष म्हटलं तेव्हाच मला माझी घमेली आठवली होती. मला कळलं होतं. अन् तरी मी तांब्या खाली ठेवला अन् म्हटलं, "मले काही सांगता येत नाही वं."

का म्हटलं? आजही विचारते स्वतःला. राजापेठेत हसले, अकोल्यात रस्ता ओलांडला, एक जागा होती जिथं मी पाहुणी नव्हते, तिथंही माझ्या घमेल्यानं हे केलं, असं तोंडातून निघेना. वाटलं, संध्याकाळी सांगू. संध्याकाळी ती जेवली नाही. वाटलं, ती निजली की ह्यांच्याशी बोलू. ती निजलीच नाही. हे मात्र घोरत होते.

सकाळी ती निघाली, नवं लुगडं नेसून, हातात विहिरीच्या पाण्यानं भरलेली बाटली. तालुक्याला तपासून आणणार होती. मी गाडीखाली वाकले, तोटी उघडली, तळाशी उरलेलं पाणी बोटावर घेऊन जिभेला लावलं. कसलं घाण पाणी ते, पण खात्री करायची होती. मीठच मीठ, अन् वर सोडा. थुंकले अन् फाटकाकडे धावले. माझ्या गुडघ्यांना धावणं माहीत नाही आता, तरी धावले.

"इहीर चांगली आहे. थांब. इहीर गोड आहे तुई. मी केलं ते."

सगळं सांगितलं. ती ऐकत होती. मग फाटकाच्या दगडावर बसली अन् बाटली मांडीवर धरून रडली, अन् रडता रडता हसली. "इहीर नाही गेली ना? नक्की? तुया पोरांची आण?" मी म्हटलं, आण. तिनं पदरानं तोंड पुसलं. मग मान वर केली.

"काल प्याली ना तू? तांब्याभर?"

"हो."

"गोड लागलं?"

मी जिभेवरचा सोडा पदरानं पुसला.

"रोपाचं सोड," ती म्हणाली. "रोप जाते, पुन्हा येते. काल दुपारपासून मी मेली अन् तू पाह्यत बसली."

बस. एवढंच. ओरडली नाही. ओरडली असती तर मी पण ओरडले असते, अन् दोघी मोकळ्या झालो असतो.

नंतर ती उठली, लुगडं बदललं, वाफ्याच्या उताराला कुदळीनं चर पाडला अन् वीज आली तशी विहिरीचं पाणी सोडलं. वाफा भरायचा, निथळू द्यायचा, पुन्हा भरायचा. तीन पाण्यात खार धुतला. मी मदतीला उभी राहिले तर म्हणाली, "तू बस, बाई." अर्धं रोप वाचलं. बाकीचं शेजारच्या बाबांनी त्यांच्या उरलेल्यातून दिलं. लावणी झाली, जरा उशिरा.

निघताना तिनं नेहमीसारखी पिशवी भरली, वांगी, मेथी, सांबार-कोथिंबिरीची मोठी जुडी. फाटकाशी आली अन् माझा हात धरून म्हणाली, "बाई, तू येत जाय. गाडी नको आणू." हे आरशात पाहून गाडी मागे घेत होते. त्यांनी ऐकलं. त्यानंतर पुन्हा कुठं जायचं, मालकीणबाई, असं विचारलं नाही.

आता गाडी आमच्या अंगणात उभी आहे. संक्रांतीला तुझी आई वाणाला येते दरवर्षी, यंदा म्हणाली, कांदा निंदायचा आहे. फोन करते, पण बोलते काय? थंडी आहे का, ऊन आहे का. जसं हवामान खात्यात बसली आहे.

ह्यांनी एका माणसाकडून गाडीशेजारी खड्डा खणून घेतला, त्यात दगड, विटांचे तुकडे, वर रेती. गाडीची तोटी नळीनं त्यात सोडली अन् कडेला केळीचा कंद लावला. नळाचं गोड पाणी, सोडा बंद. रोज सकाळी हे घर सोडून गाडीतच आंघोळ करतात, पडदा लावून. लेक म्हणते, बाबाले समजवा. मी कशाला समजवू? मला घमेलं उचलावं लागत नाही, तेवढं पुष्कळ आहे. थकले आता. घमेल्यानं थकले नाही, त्या तांब्याभर पाण्यानं थकले.

तर पोरी, तुझं काम असं. सुट्टी काढ, अंजनगावला जा, आईला घे अन् इकडे ये. तिला गाडीचं काही बोलू नको. सांग, मावशीच्या केळीला बाजूनं पिल्लू फुटलंय, ठेवायचं का काढायचं, ते तिला समजेना. मला समजतं गं, पण तिला विचारायचं आहे. अन् ती आली की तिला म्हणावं, आधी नळाचं पाणी तुझ्या हातानं मावशीला पाज अन् विचार, कसं लागते. या वेळी जे लागेल तेच सांगीन. ये लवकर. ऊन चढायच्या आत ये, एसटीनं ये, अन् तिला खिडकीशी बसव.